पक्षाचं तिकीट नसताना गव्हर्नर होता येतं का? अलास्कात मी जे पाहिलं ते

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत कोणत्याच पक्षाचा नसलेला माणूस राज्याचा गव्हर्नर म्हणून निवडून येऊ शकतो का, आणि आलाच तर त्याला राज्य चालवता येतं का. पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं आहे. दुसऱ्यासाठी मला थोडं सविस्तर लिहावं लागेल. असा एक गव्हर्नर निवडून आला, चार वर्षं राहिला आणि गेला, त्या काळात आम्ही त्याच्याच राज्यात राहत होतो. २०११ ते २०१९ आमचं बिऱ्हाड अलास्कातल्या अँकरेज शहरात होतं. मी तिथे हिशेब आणि करांची विवरणपत्रं भरून देणाऱ्या एका छोट्या ऑफिसात काम करायचे. ग्रीन कार्ड होतं, नागरिकत्व नव्हतं, त्यामुळे मला मत नव्हतं. पण त्या माणसाच्या एका सहीमुळे आमच्या घरातला पैसा कमी झाला, तेव्हा हा विषय माझ्यासाठी नुसता बातम्यांचा नाही.

आधी एक खुलासा. गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. आपले राज्यपाल दिल्लीहून नेमले जातात. अमेरिकेतला गव्हर्नर लोक थेट मतदान करून निवडतात. खात्यांचे प्रमुख तो नेमतो, अंदाजपत्रक तो मांडतो, विधिमंडळाने मंजूर केलेल्या खर्चातली एखादी रक्कम तो खोडू शकतो. म्हणजे काम आपल्या मुख्यमंत्र्याचं, पण खुर्ची आमदारांच्या बहुमतावर उभी नाही. अपक्षाला वाट मिळते ती इथेच. आपल्याकडे १९९५ च्या विधानसभेत ४५ अपक्ष निवडून आले होते. त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या पाठिंब्यावर सरकार उभं राहिलं, पण मुख्यमंत्री त्यांच्यातला कोणी होणार नव्हता. झारखंडात २००६ साली अपक्ष आमदार मधू कोडा मुख्यमंत्री झाले, तेही मोठ्या पक्षांनी हात दिला म्हणून. अमेरिकेत अपक्ष माणूस सरळ लोकांकडे जाऊन ते पद मागू शकतो. मेन राज्यात १९७४ मध्ये जेम्स लाँगली आणि १९९४ मध्ये अँगस किंग असे जिंकले. किंग तर १९९८ मध्ये पुन्हा जिंकले. ऱ्होड आयलंडमध्ये २०१० मध्ये लिंकन चेफी. मी लिहिणार आहे ते अलास्काच्या बिल वॉकर यांच्याबद्दल.

वॉकर यांचा जन्म १९५१ चा, फेअरबँक्सचा, पण बालपण गेलं व्हॅल्डीझमध्ये. हे नाव तुम्ही १९८९ च्या तेलगळतीमुळे ऐकलं असेल. जहाजाला त्याच गावाचं नाव होतं. गाव म्हणजे खाडीच्या टोकाशी डोंगरांच्या पायथ्याला वसलेलं छोटं बंदर. २७ मार्च १९६४, गुड फ्रायडे, संध्याकाळी साडेपाचचा सुमार. ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला. आजवर यंत्रांवर नोंदल्या गेलेल्या भूकंपांत याचा क्रमांक दुसरा लागतो. बंदराच्या धक्क्याला मालवाहू जहाज लागलेलं होतं आणि ते बघायला मुलं-माणसं जमली होती. पाण्याखालची जमीन खचली आणि तो आख्खा धक्का माणसांसकट समुद्रात गेला. तीसेक जण एका क्षणात गेले. वॉकर तेव्हा १२ वर्षांचे होते. वडिलांचा बांधकामाचा धंदा त्या भूकंपात बुडाला. ती जागा पुन्हा राहण्यालायक नाही असं ठरलं आणि सगळं गाव सहाएक किलोमीटर पलीकडे उचलून नव्याने वसवलं गेलं. मी एकदा त्या जुन्या गावाच्या जागी गेले होते. सपाट जमीन, गवत, झुडपं आणि एक स्मृतिस्तंभ. बाजूने ट्रक जात होते. इथे एक गाव होतं हे सांगावं लागतं.

तेलाचा पैसा आला तो नंतर. उत्तरेच्या प्रुडो बे पासून व्हॅल्डीझच्या बंदरापर्यंत जवळजवळ १,३०० किलोमीटरची पाइपलाइन टाकली गेली आणि १९७७ मध्ये तिच्यातून तेल वाहू लागलं. वॉकर यांनी त्या कामावर सुतार म्हणून, मजूर म्हणून, ड्रायव्हर लोकांच्या युनियनमधून असं मिळेल ते काम केलं. २७ व्या वर्षी ते व्हॅल्डीझचे महापौर झाले. मग कायदा शिकले, वकील झाले आणि पुढची कितीतरी वर्षं गावांच्या वतीने, नगरपालिकांच्या वतीने वकिली केली. त्यांचा ध्यास एकच होता. उत्तरेकडे तेलाबरोबर जो अफाट नैसर्गिक वायू आहे तो पाइपलाइनने दक्षिणेच्या बंदरात आणायचा, द्रवरूप करायचा आणि जहाजाने आशियात विकायचा. व्हॅल्डीझ, फेअरबँक्सचा परिसर आणि उत्तरेचा नॉर्थ स्लोप यांनी मिळून १९९९ मध्ये त्यासाठी एक प्राधिकरण काढलं, त्याचे ते वकील होते. तेल कंपन्या स्वतःच्या सोयीने वायू जमिनीत ठेवून देतात, राज्याने तो स्वतः बाहेर काढावा, हे त्यांचं म्हणणं मी बातम्यांत इतक्यांदा ऐकलं की झोपेतही सांगेन.

राजकारणात ते मुळातले रिपब्लिकन. २०१० मध्ये त्यांनी पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत तेव्हाचे गव्हर्नर शॉन पार्नेल यांना आव्हान दिलं. पार्नेल यांना निम्म्याच्या जवळपास मतं पडली, वॉकर यांना एक तृतीयांश. पुढच्या वेळेला त्यांनी हिशेब मांडला असावा की पक्षाच्या आतून बसलेल्या गव्हर्नरला हरवणं शक्य नाही. मुख्यतः पक्षाच्या मतदारांपुरती ती लढत असायची आणि वॉकर यांना मानणारे लोक त्या कुंपणाबाहेर पसरलेले होते. मग त्यांनी सह्या गोळा करून अपक्ष म्हणून अर्ज भरला. तिथे तेव्हा अपक्षाला नुसती अनामत भरून उभं राहता येत नव्हतं. मागच्या निवडणुकीत जितकं मतदान झालं त्याच्या एक टक्का मतदारांच्या सह्या आणाव्या लागायच्या. आमच्या बाजारपेठेच्या दाराशी एक मुलगी पाटीवर कागद लावून सह्या घेत उभी असायची, ते दृश्य मला आठवतं.

२०१४ च्या उन्हाळ्यात लढत तिरंगी दिसत होती. रिपब्लिकन पार्नेल, डेमोक्रॅट बायरन मॅलट आणि अपक्ष वॉकर. मॅलट हे याकुटाट गावचे, टलिंगिट या मूलनिवासी समाजातले मोठे नेते. तिघं लढले तर विरोधातली मतं फुटणार आणि पार्नेल आरामात येणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मतपत्रिकेतली नावं बदलायची शेवटची मुदत सप्टेंबरच्या सुरुवातीला होती. त्याच्या ऐन तोंडावर दोघांनी हात मिळवले. वॉकर गव्हर्नरपदासाठी, मॅलट उपगव्हर्नरपदासाठी. त्यासाठी दोघांच्याही बरोबर उपगव्हर्नरपदासाठी उभ्या असलेल्या उमेदवारांना बाजूला व्हावं लागलं. डेमोक्रॅटिक पक्षाने आपला गव्हर्नरपदाचा उमेदवार मागे घेतला आणि वॉकर यांनी रिपब्लिकन पक्षातलं नाव काढून घेतलं.

ही गोष्ट मला आजही मोठी वाटते. मॅलट यांना त्यांच्या पक्षाने रीतसर निवडलेलं होतं. पहिल्या नंबरावरून दुसऱ्यावर येणं कोणाला सोपं जातं? आणि दोघांचे विचारही जुळणारे नव्हते. गर्भपातासारख्या प्रश्नांवर वॉकर वैयक्तिक मतांनी सनातनी बाजूचे. पण ते म्हणाले, मी माझी सामाजिक मतं राज्यावर लादणार नाही, मला राज्याच्या पैशाचं आणि वायूचं बघायचंय. शेवटी माजी गव्हर्नर सॅरा पेलिन यांनीही त्यांना पाठिंबा दिला, तोही एकेकाळी त्यांच्याच हाताखाली उपगव्हर्नर असलेल्या पार्नेल यांच्या विरोधात. त्यातच राज्याच्या नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलातल्या लैंगिक अत्याचारांच्या तक्रारींवरचा अहवाल बाहेर आला आणि पार्नेल यांना उत्तरं देता देता नाकी नऊ आले.

आमच्या शेजारी एक काका राहायचे. तरुणपणी त्यांनीही पाइपलाइनवर वेल्डिंग केलेलं. आयुष्यभर रिपब्लिकन. त्यांच्या अंगणात त्या सप्टेंबरात वॉकर–मॅलट यांची पाटी लागली. मी विचारलं, "काका, दुसरं नाव तर डेमोक्रॅटचं आहे." ते म्हणाले, "पहिलं नाव व्हॅल्डीझचं आहे." एवढंच बोलले आणि पानं ओढायला लागले.

मतदानाच्या रात्री निकाल लागला नाही. अलास्का आपल्या महाराष्ट्राच्या पाचपटीहून मोठं, वस्ती सव्वासात लाखांच्या आसपास, आणि कितीतरी गावांना रस्ताच नाही. टपालाने आलेली मतं मोजायला दीड आठवडा गेला. शेवटी वॉकर यांना १,३४,६५८ आणि पार्नेल यांना १,२८,४३५ मतं. फरक ६,२२३ चा. १ डिसेंबर २०१४ रोजी जुनोमध्ये शपथविधी झाला. जुनो ही राज्याची राजधानी, पण तिथेही गाडीने जाता येत नाही, विमान नाही तर बोट.

आता तुमचा दुसरा प्रश्न. राज्य चालवता येतं का?

वॉकर यांच्या नशिबी जी वेळ आली ती कोणाही गव्हर्नरवर येऊ नये. निवडणुकीच्या उन्हाळ्यात तेल पिंपाला १०० डॉलरच्या वर होतं. शपथ घेऊन महिना होतो न होतो तोच ५० च्या खाली आलं, आणि २०१६ च्या जानेवारीत ३० च्याही खाली गेलं. राज्याला खर्चासाठी मोकळा मिळणारा पैसा जवळजवळ सगळा तेलातून यायचा. तिथे राज्याचा आयकर नाही, राज्याचा विक्रीकर नाही. आयकर १९८० मध्येच रद्द करून टाकलेला. म्हणजे घरात कमावता एकच आणि त्याचाच पगार तीन चतुर्थांशाने कापला गेला. दरवर्षी तीन-साडेतीन अब्ज डॉलरचं भगदाड पडायला लागलं आणि ते साठवलेल्या पुंजीतून बुजवलं जात होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. १९७६ मध्ये अलास्काने राज्यघटनेत दुरुस्ती करून तेलाच्या उत्पन्नातला एक वाटा कायमच्या निधीत टाकायचं ठरवलं. त्याला पर्मनंट फंड म्हणतात. २०१६ मध्ये त्यात ५० अब्ज डॉलरच्या वर रक्कम होती. त्याच्या मिळकतीतून १९८२ पासून दरवर्षी प्रत्येक रहिवाशाला, अगदी तान्ह्या बाळालासुद्धा, लाभांश मिळतो. सगळे त्याला 'पीएफडी' म्हणतात. ऑक्टोबरात ती रक्कम खात्यात पडली की दुकानांतून पीएफडी सेल लागतात, विमान कंपन्या स्वस्त तिकिटं काढतात, लोक बर्फाचे टायर घेतात. आम्हा चौघांना २०१५ मध्ये माणशी २,०७२ डॉलर मिळाले, म्हणजे घरात ८,२८८. त्यावर केंद्राचा कर भरावा लागतो, मुलांच्या वाट्यावरसुद्धा, आणि दरवर्षी माझ्या टेबलाशी कोणीतरी "पोराचं कशाला दाखवायचं?" म्हणत यायचंच.

वॉकर यांनी २०१५ च्या डिसेंबरात पूर्ण आराखडा मांडला. निधीच्या मिळकतीतला ठरावीक हिस्सा सरकारी खर्चाला, लाभांश कमी, खर्चात कपात, तेलावरच्या सवलती कमी, आणि जोडीला आयकर, केंद्राला जेवढा भरता त्याच्या सहा टक्के. म्हणजे गरिबाने लाभांशातून सोसायचं आणि जास्त कमावणाऱ्याने करातून. मी रोज लोकांचे आकडे बघणारी बाई, मला तो आराखडा न्यायाचा वाटला. विधिमंडळाने तो धरला नाही. आणि वॉकर यांच्या बाजूने हात वर करायला त्या सभागृहांत त्यांचा म्हणावा असा एकही सभासद नव्हता. अपक्षाची खरी अडचण ही. निवडून येताना पक्ष नसणं त्यांच्या पथ्यावर पडलं. पण अंदाजपत्रकाच्या दिवशी ज्यांना उठवता-बसवता येईल अशी आपली माणसं लागतात, आणि ती पक्षाशिवाय येत नाहीत.

जून २०१६ च्या अखेरीला त्यांनी लाभांशाच्या तरतुदीतली निम्मी रक्कम स्वतःच्या अधिकारात खोडली. त्या ऑक्टोबरात माणशी १,०२२ डॉलर आले. नाहीतर दोन हजारांच्या वर आले असते. राज्याच्या सिनेटच्या, म्हणजे वरच्या सभागृहाच्या, एका सदस्याने कोर्टात दावा लावला, पण २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गव्हर्नरला तो अधिकार आहे असा निकाल दिला.

आमचे चार हजार डॉलर गेले. आम्हाला ते सोसलं. पण माझ्या ऑफिसात एक सहकारी होती, युपिक या मूलनिवासी समाजातली, पश्चिमेकडच्या नदीकाठच्या गावची. तिची आई तिथेच राहायची. तिथे हिवाळ्यात घर गरम ठेवायचं तेल उन्हाळ्यात बोटीने येतं आणि भाव शहराच्या दुपटीवर जातो. लाभांशावरच त्या घराचं ते तेल यायचं. ती मला कागदावर आकडे मांडून दाखवत होती, गॅलन किती, भाव किती, पैसे किती, आणि कुठेच जुळत नव्हतं. लाभांश कापला की सगळ्यांत जास्त मार गरिबांना बसतो, हे अलास्का विद्यापीठाच्या अर्थतज्ज्ञांनी २०१६ मध्येच मांडलं होतं. तरी मी म्हणते, वॉकर यांनी ते केलं नसतं तर साठवणीचे पैसे संपून पुढच्या पिढीचा निधीच मोडावा लागला असता. चूक झाली ती सिनेटची. २०१७ मध्ये खालच्या सभागृहाने आयकराचं विधेयक मंजूर करून पाठवलं, ते सिनेटने पाडलं. त्यामुळे सगळा भार एकट्या लाभांशावर पडला आणि सगळा राग एकट्या वॉकर यांच्यावर.

याच काळात त्यांनी एक काम असं केलं ज्याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर आहे. कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीची सरकारी आरोग्ययोजना, मेडिकेड, वाढवायला विधिमंडळ तयार नव्हतं. वॉकर यांनी विधिमंडळाची वाट न बघता १ सप्टेंबर २०१५ पासून ती वाढवलेली योजना लागू केली. विधिमंडळ कोर्टात गेलं, पण योजना थांबली नाही. आमच्याकडे विवरणपत्र भरायला येणाऱ्या हंगामी कामगारांच्या हातात पहिल्यांदा आरोग्याचं कार्ड आलेलं मी पाहिलं.

वायूच्या पाइपलाइनसाठी २०१७ च्या नोव्हेंबरात ते बीजिंगला जाऊन चिनी कंपन्यांशी प्राथमिक करारही करून आले. ती पाइपलाइन त्यांच्या कारकिर्दीत झाली नाही. तिच्याबद्दल यापेक्षा जास्त लिहीत नाही.

२०१८ ची निवडणूक मात्र फार वाईट गेली. पुन्हा तिरंगी. रिपब्लिकन माइक डनलेव्ही पूर्ण लाभांश देतो म्हणत उभे, डेमोक्रॅट म्हणून अमेरिकेच्या सिनेटचे माजी सदस्य मार्क बेगिच उभे. या वेळी कोणी मागे घ्यायला तयार नव्हतं. आणि १६ ऑक्टोबरला, मतदानाला तीन आठवडे असताना, एका महिलेशी अनुचित बोलल्यावरून मॅलट यांनी राजीनामा दिला. ज्यांच्या जोडीवर २०१४ चा सगळा डोलारा उभा होता तेच गेले. तीन दिवसांनी अँकरेजमध्ये मूलनिवासी समाजांचं वार्षिक अधिवेशन चालू होतं. तिथे व्यासपीठावरून वॉकर यांनी प्रचार थांबवत असल्याचं सांगितलं. आमच्या ऑफिसात रेडिओवर ते लावलं होतं. युपिक सहकारी, जिच्या आईचं तेल त्यांच्या सहीमुळे गेलं, ती खुर्ची मागे सरकवून बाहेर गेली आणि बऱ्याच वेळाने डोळे पुसत आली. आम्ही कोणी काही विचारलं नाही. वॉकर यांचं नाव मतपत्रिकेवर तसंच राहिलं, त्याला दोन टक्के मतं पडली. डनलेव्ही जिंकले.

वॉकर यांची मुदत ३ डिसेंबरला संपणार होती. ३० नोव्हेंबरला सकाळी साडेआठला, तिथे तेव्हा अजून काळोखच असतो, अँकरेजला ७.१ चा भूकंप झाला. मी मुलीला घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली होते. कपाटातल्या बरण्या एकामागून एक फुटत होत्या आणि फरशीवर तूर, हळद आणि काचा एक झाल्या होत्या. वॉकर तेव्हा शहरातल्या एका उंच इमारतीच्या लिफ्टमध्ये होते. त्यांनी त्याच दिवशी आपत्ती जाहीर करून केंद्राची मदत मागितली. विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्याचा उतार खचून गाडी मधोमध अडकलेला फोटो तुम्हीही पाहिला असेल. तो रस्ता आठवड्याच्या आत पुन्हा सुरू झाला. भूकंपात जीवितहानी झाली नाही. १९६४ नंतर इमारतींचे नियम कडक केले होते, त्याचा त्या सकाळी आम्हा सगळ्यांना उपयोग झाला.

वॉकर २०२२ मध्ये पुन्हा अपक्ष म्हणून उभे राहिले. तोवर आम्ही अलास्का सोडलं होतं. राज्यात नवी पद्धत आली होती. मतदार उमेदवारांना पहिली, दुसरी, तिसरी अशी पसंती देतात आणि कोणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर खालच्यांची मतं पुढे वळतात. तिरंगी लढतीत अपक्षाचं मत वाया जाऊ नये यासाठी याहून सोयीचं काही नाही, असं मला वाटत होतं. शेजारच्या काकांना मी फोन केला. लाभांश कापला तेव्हा त्यांनी अंगणातली जुनी पाटी स्वतः उपटून गॅरेजमध्ये टाकली होती आणि दोन वर्षं वॉकर हे नाव काढलं की विषय बदलायचे. म्हणाले, पहिली पसंती वॉकरना दिली, बाकीचे रकाने कोरे सोडले. डनलेव्ही यांना पहिल्याच मोजणीत ५०.३ टक्के मतं मिळाली, त्यामुळे पुढच्या पसंत्या मोजायची वेळ आली नाही. वॉकर २०.७ टक्क्यांवर, तिसरे.